आप्पांची झील

आज सकाळी मंगळवार पेठेत कुणीतरी निखाऱ्यावर डफ शेकत होतं. तापल्या कातड्याचा तो करपट वास आला आणि मला कॉलेजच्या हॉलमधला माझा पहिला पंक रॉकचा कार्यक्रम आठवला.

माझे वडील, आप्पा, डफावर पोवाडा गाणाऱ्या शाहिरामागं उभं राहून झील धरायचे. शाहिराची ओळ संपली की तिचं शेपूट उंच खेचायचे. त्या दिवशी ते शेवटच्या रांगेत बसले होते. मी प्रत्येक ओळीच्या शेवटी घसा फाटेस्तोवर ओरडलो. खाली उतरलो तर आप्पा डोळे पुसत म्हणाले, "ही तर माझी झील हाय की रं!"

दोस्तांसमोर मी उसळलो. "ही माझी आरोळी हाय, आप्पा. तुमास्नी न्हाय कळायचं."

"बरं बाबा, तुझीच," म्हणाले आणि चप्पल शोधू लागले.

आज त्याच आरोळीसाठी लोक मला अस्सल म्हणतात. आप्पांचा आवाज घशाच्या ऑपरेशनात गेला. त्यांची झील कुणी रेकॉर्ड केलेली नाही. डफाच्या वासानं मी तडक घरी गेलो, त्यांच्यापुढं बसून ओरडलो आणि विचारलं, "अशीच होती न्हवं तुमची?"

त्यांनी पाटी ओढली, खडूनं लिहिलं, "तुझीच."