दात ओढणाऱ्याकडं

"दात ओढणाऱ्याकडं."

करवतीला हात लावायच्या आधी मामा हे म्हणायचेच. अंगठ्याचं नख दातांवरनं हलकं फिरवायचं, एक डोळा मिटायचा, पातं उन्हाकडं धरून टोकापर्यंत नजर टाकायची. मग म्हणायचं, "दात ओढणाऱ्याकडं हायेत. चल, उतर खाली."

खाली म्हणजे खड्ड्यात. सांगलीला नदीच्या वाटेवर एका शेटची लाकडाची वखार होती. तिथं आम्ही दोघं फळ्या पाडायचो. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकलेला, मामा ओंडक्यावर उभे, मी खड्ड्यात, आणि मधे पुरुषभर लांबीची करवत. वरच्यानं ती उचलायची आणि रेघ धरायची, खालच्यानं ओढायची. लाकूड कापतं ते ओढण्यात. म्हणून दात खालच्या माणसाकडं.

सहा वर्षं मी त्यांना खालनं बघितलं. त्यांचं नाव सांगत नाही, सगळी वखार त्यांना मामाच म्हणायची. खरं सांगायचं तर तोंडापेक्षा त्यांचे तळपाय मला जास्त आठवतात. सागाचा भुसा वरनं पडत राहायचा. सकाळच्या उन्हात तो पिवळाधमक दिसायचा, आणि त्यातनं मामांचा आवाज यायचा, नदीच्या पल्याडनं आल्यासारखा. ओढता ओढता मला डुलकी लागायची. हात चालूच असायचे, पण मामांना पात्यातनं कळायचं.

"झोपलास काय रं?"

"न्हाई मामा."

"मग सपान काय पडलं ते तरी सांग."

ते वडूजकडचे. आमच्याकडं सावलीला बसायचं तर आधी एक माणूस उभा करावा लागतो, असं म्हणायचे. झाड नसलेल्या मुलखातला हा माणूस, पण नुसता वास घेऊन लाकूड ओळखायचा. दातांना त्यांची कानस लावून घ्यायला जिल्ह्यातली लोकं करवती घेऊन दारात बसायची. तुम्हीही अशी माणसं बघितली असतील. त्यांच्याजवळ दुसरं काही नसतं. एक डोळा असतो, आणि त्यावर सगळा जन्म उभा असतो.

दुसरी मोठी लढाई संपली तशी पुण्याला मिलिटरीचा माल लिलावात निघाला. शेटनं तिथनं एक पेटी आणली. फोडली तर आत साखळीची करवत, नवीकोरी, तेलकट कागदात गुंडाळलेली. एका टोकाला इंजिन, दुसऱ्या टोकाला मूठ, मधे लांब पट्टी. त्या पट्टीभोवती दातांची साखळी फिरणार. हिलाही दोन माणसं लागत होती, म्हणून मामांना ती बरी वाटली. बरोबर एक पुस्तक होतं, ते शेटच्या कारकुनानं मोठ्यानं वाचलं. त्याला इंग्रजी येत होतं, यंत्र येत नव्हतं. शेवटी मामांनीच साखळी धुतली, पुसली आणि पट्टीवर चढवली. वरनं नख फिरवलं. "दात ओढणाऱ्याकडं," म्हणाले. ओढणारं आता इंजिन होतं, म्हणून दातांची तोंडं इंजिनाकडं.

दोरी ओढली. इंजिनाचा असा आवाज झाला की वखारीतल्या वडावरचे कावळे उठले ते संध्याकाळपर्यंत परत आले नाहीत. आम्ही दोघांनी करवत चिंचेच्या ओंडक्यावर टेकवली. धूर निघाला, जळका वास सुटला, लाकूड काळं पडलं. कापलं मात्र नाही. नखाएवढीसुद्धा खाच पडेना.

मामांनी यंत्राला दोष दिला नाही. धार कमी पडली म्हणाले आणि साखळी मांडीवर घेऊन बसले. एकेक दात कानसला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. पेट्रोल परमिटावर मिळायचं, ते धुरात चाललं होतं. हमाल म्हणाले, मामा, चिंच शिजवायला लावलीय काय? शेटनं सांगितलं, उद्यापर्यंत बघतो, मग मिरजेहून धारवाला आणतो. मामांच्या धारेवर दुसरा धारवाला. असं कधी झालं नव्हतं.

त्या दुपारी भाकरी खाताना मामांनी तीनधारी कानस पुढ्यात ठेवली आणि म्हणाले, "माझा डोळा गेला, गड्या. उद्या हिनं न्हाई कापलं तर मी कानस खाली ठिवली."

मी कानस उचलून परत त्यांच्या हातात दिली.

भाकरी घेऊन आमची आली होती. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. घाटाखालची, चिपळूणच्या बाजूची. वडीलधाऱ्यांसमोर पदर पुढं घेऊन गप्प उभी राहायची, मामांशी तर एक शब्द बोलली नव्हती. शेटनं परत एकदा करवत चालवून बघायला लावली. परत धूर. इंजिन बंद केलं तशी साखळी हळू हळू होत थांबली. ती थांबताना आमची बघत होती.

भांडी घेऊन निघाली तेव्हा मला बाजूला बोलावून म्हणाली, "अहो, ती माळ उलटी चढवलीय."

तिच्या माहेरी वाडीत रहाट होता. बैल गोल फिरतो, गाडग्यांची माळ विहिरीत उतरते आणि भरून वर येते. गाडग्याचं तोंड माळ चालते त्या अंगाला असावं लागतं. उलटी बांधली तर बैल दिवसभर फिरतो आणि गाडगी रिकामी येतात. "हे दात पाठीनं चाललेत," ती म्हणाली. "वरून इंजिनाकडं बघतायत, पण चालतात पुढं, मुठीकडं. मामांना सांगा."

मी येऊन सांगितलं. पण असं सांगितलं, "मामा, मला वाटतं साखळी उलटी हाय."

मला वाटतं. शेट उभे होते, चार हमाल उभे होते. बायकोनं दाखवलं म्हणायला माझी जीभ उचलली नाही. दुसरं कारण नाही.

मामा साखळीवर वाकले. बोटानं ती एक फेरा फिरवली. मग इतके हसले की खोकला आला. "आरं, जलमभर वरखाली बघितलं. गोल बघितलंच न्हाई." साखळी काढली, उलटी करून चढवली. दोरी ओढली. पांढरा भुसा असा उडाला की मामा त्यात दिसेनासे झाले. आता आम्ही समोरासमोर उभे होतो, एका उंचीवर, मधे भुशाचं पांढरं धुकं. अख्खी चिंच पान चघळून होईस्तोवर दोन तुकडे झाली.

संध्याकाळी त्यांनी मला कानस दिली. "माझा डोळा गेला न्हवता, पर तुझा डोळा तयार झाला. आता मी घरी गेलो तरी चालतंय."

मी ती घेतली.

आठ दिवसांत मामा गावाकडं निघाले. जुनी करवत तेवढी मागून घेतली. खांद्यावर टाकली तर पातं पुढंमागं लवायचं, आणि प्रत्येक पावलाला त्यावर ऊन चमकायचं. नदीच्या वाटेवर माणूस दिसेना झाला तरी ती चमक दिसत होती. मी हाक मारणार होतो, मारली नाही. खरं कळलं असतं तर मामा गेलेच नसते, असं मला वाटतं. तिला बोलावून, हसून, रहाटाचं सगळं विचारून घेतलं असतं त्यांनी.

तिनं माहेरहून विळी आणली होती, टोकाला खोबरं खवायची खवणी. खवणीच्या दातांना मी मामांच्या कानशीनं धार लावायचो. दर वेळी ती समोर बसून विचारायची, "मामांना सांगितलंत, कुणाला दिसलं ते?" मी म्हणायचो, सांगतो की. भांडून नाही, हसत विचारायची. मग वडूजहून निरोप आला की मामा वारले. त्यानंतरही विचारायची. मीही तेच उत्तर द्यायचो.

या चैत्रात ती गेली. शेवटच्या दिवसांत नीट बोलणं उरलं नव्हतं, पण एकदा माझा हात धरून तेच विचारलं.

लोकं म्हणतात, वर सगळी भेटतात. भेटली असतील. पण आमची सांगायची नाही. मामांसमोर पदर पुढं घेऊन गप्प उभी राहील. म्हणून मीच सांगतो. मामा, ते मला दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं.

आज सकाळी खवणीला कानस मारली. नख फिरवून बघितलं. दात लागलेत चांगले. घरात नारळ नाही.