रिकाम्या पाकिटांवरचा शिक्का

हेलमर स्टेनविक कुणावरही विश्वास ठेवत नसे, म्हणूनच कप्तानाने ‘चिलकूट’वरचं टपाल त्याच्या हाती दिलं. ही गस्तबोट बांधली होती चोरट्या दारूचा पाठलाग करायला. अमेरिकेतली दारूबंदी उठल्यावर ती अलास्कात केचिकनला आली आणि कारखानदारांच्या सॅमन माशांच्या सापळ्यांवर पहारा देऊ लागली. सापळे लुटणारे गावातलेच. गाव त्यांना चोर म्हणत नसे. गस्तबोटीवर मात्र डोळे वटारी.

हेलमर मूळचा इंजिनातला. टपालाचा शिक्काही त्याने यंत्रासारखाच राखला. शाई बेताची. शिक्का ठोकायचा नाही, दाबायचा. शिक्क्यातल्या काळ्या पट्ट्यांच्या मधे त्या दिवशीच्या बंदराचं नाव, रबरी अक्षरं चिमट्याने उलटी लावून. बोटींचे शिक्के जमवणारे छंदिष्ट लोक देशभरातून स्वतःचाच पत्ता घातलेली पाकिटं पाठवत. तो शिक्का मारून ती परत धाडी.

अडतीस सालच्या उन्हाळ्यात एक पाकीट त्याला खुपू लागलं. दर बंदरात बोटीवरच्या टपालात पडायचं, आत काही नसायचं. पत्ता बर्था नॅटकाँग, केचिकन.

“जिथं आपली बोट बांधलेली असते, तिथल्या बाईला आपला शिक्का कशाला?” त्याने मुख्य खलाशी ओडेलला विचारलं.

“छंद असेल.”

“छंदिष्ट माणूस तिकीट जपून लावतो. हे वाकडं, वर माशाचा वास. आपण कुठं कुठं फिरतो ते सापळेचोर टिपून घेतायत.”

“अरे, पाकीट पोचेस्तोवर आपण भलतीकडे! चोरांनी काय गेल्या महिन्यातले मासे पळवायचे?”

“फिरण्याची रीत कळते ना.”

“बायकोनं वाढलेलं ताटसुद्धा तू आधी मांजराला चाखवत असशील.”

हेलमर हसला नाही. पत्त्यावरचं अक्षर त्याने ओळखलं होतं. इंजिनात तेल घालणाऱ्या वेस्ली पीलचं. हैदा या तिथल्या आदिवासी जमातीचा हा मुलगा कामाला चोख होता. नोकरीची मुदत या फेरीअखेर संपत होती, त्याला पुन्हा करार हवा होता, आणि कप्तान हेलमरच्या शब्दावर सही करणार होता.

हेलमरने तेव्हापासूनची पाकिटं खणात अडकवून ठेवली आणि वेस्लीला गाठलं.

“ही नॅटकाँग कोण?”

“आई. आडनाव सावत्र बापाचं. पाकिटं तीच देते, तिकीट लावून.”

“मग पत्र लिही की.”

“पत्रावर तिचा विश्वास नाही. शिक्का बोटीवर बसतो. बोट तरंगत असेल तरच बसतो.”

उत्तर फारच तयार वाटलं हेलमरला. पाकिटं खणातच राहिली. कप्तानाशी बोलण्याआधी त्या बाईला डोळ्यांनी बघायचं, असं त्याने ठरवलं.

बोट केचिकनला लागली त्या दुपारी पाकिटांवर शिक्के मारून तो वेस्लीबरोबर तिच्या घरी गेला. बर्था कारखान्यातून नुकतीच आली होती. एप्रनला खवले चिकटलेले. तिने आधी मुलाचा कान धरून ओढला. मग हेलमरच्या हातातली पाकिटं पाहिली.

“हातानं आणलीस? टपालानं का नाही?”

“माझ्याकडं राहिली होती, मावशी.”

“राहिली, का ठेवलीस?”

“ठेवली. संशय आला.”

“मलाही आला. दुकानदाराला विचारलं, पाद्र्याला विचारलं, बोट बुडाली का? सगळे म्हणाले, नाही. मी सगळ्यांना खोटं धरलं. याचा बाप बुडाला, आणि नंतर आठवड्यानं त्याचं पत्र आलं. तब्येत बरी आहे म्हणे!”

हेलमरने टोपी काढली. “कप्तानाला मी याच्याबद्दल चांगलंच सांगेन. करार होईल.”

“होऊ नको देऊस.”

“आई, मला परत जायचंय,” वेस्ली म्हणाला.

“बोट चांगली असेल बाबा. पण तिच्याबद्दल मला जे कळायचं ते या माणसाच्या हातून. उद्या याला परत काही वाटलं, की मी परत तुझं सुतक धरायचं?”

 वेस्ली बोटीवर गेला, करार नको म्हणाला आणि आपलं सामान घेऊन आला.

कप्तानाने हेलमरला बोलावलं. “पोरात काही खोट होती?”

“नाही साहेब. सरळ पोरगा.”

“मग गेला का?”

हेलमरने सगळं सांगितलं, स्वतःचा भाग न वगळता. कप्तानाने टपालाच्या खणाची किल्ली मागून घेतली आणि ओडेलला दिली. खाली इंजिनात वेस्लीची तेल घालण्याची पाळी मोकळी होती. त्याच दिवशी ती हेलमरने उचलली; दुसऱ्या महायुद्धात ‘चिलकूट’ मालजहाजांच्या राखणीला गेली तेव्हाही आणि पुढे ती मोडीत निघेपर्यंत त्याने तीच केली.