शाजियाच्या कॅमेऱ्यातली वेळ

पनवेलच्या बाजारात माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून बद्रुद्दीनभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. माणूस प्रामाणिक, पण महासंशयी. चहा पुळचट आला तरी चहावाल्याला कोणी फितवलं, याचा तपास सुरू.

लग्नात पुरुषांकडचे फोटो ते काढत, बायकांकडचे त्यांची मुलगी शाजिया. तिला दुसरं काही करायचंच नव्हतं. तिच्यासोबत तिची आई फहमिदाभाभीही हॉलवर जात, कारण बायकांचे फोटो आधी त्या आपल्या फोनवर पाहत आणि ज्यांना अल्बममध्ये यायचं नसेल त्यांचे वगळत. मग दोन्हीकडचे फोटो कॉम्प्युटर वेळेप्रमाणे लावायचा. म्हणून निघताना दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं बद्रुद्दीनभाई स्वतः मिळवत.

तरी गेल्या हिवाळ्यापासून शाजियाचे फोटो दीड तास मागे पडू लागले. उरणच्या एका अल्बममध्ये तर निकाह व्हायच्या आधीच नवरी रडत सासरी निघाली. गिऱ्हाईक जाम भडकलं.

"हिनेच फिरवलं घड्याळ," बद्रुद्दीनभाई मला म्हणाले. "हॉलमधून मधेच कुठेतरी जात असणार. मला कळू नये म्हणून."

"अब्बा, मी घड्याळाला हात लावला नाही," शाजिया म्हणाली.

"मग काय जिन्न येऊन फिरवतो?"

त्यांनी तिच्याकडून कॅमेरा काढून घेतला आणि हायवेजवळच्या एका स्टुडिओतून विनिताला कायमचं कामावर आणलं. मला त्यांचा मनस्वी राग आला. पोटच्या पोरीवर असा आळ घेतात का?

तोच कॅमेरा घेऊन विनिता भाभींसोबत पहिल्याच लग्नाच्या कामाला गेली, तर वेळ पुन्हा मागे. "शाजियाने हिलाही फितवलं," भाईंचा निकाल तयार. मी म्हटलं, "माझ्यासमोर घड्याळ लावा बघू."

त्यांनी लावलं, कॅमेरा बंद करून काउंटरवर ठेवला. तेवढ्यात भाभी डबा घेऊन आल्या. थोड्या वेळाने भाईंनी कॅमेरा सुरू केला, तर आमच्या डोळ्यांदेखत घड्याळ मागे गेलं. स्क्रीनवर फोन जोडल्याची खूण आली होती. भाभींनी पर्समधून फोन काढला. त्यातही तीच वेळ.

फोटो पाहता यावेत म्हणून कॅमेरा त्यांच्या फोनला जोडलेला होता, आणि जोडलेल्या फोनची वेळ कॅमेरा आपसूक घेत होता.

"मुलगा माज नोकरीला दुबईला गेला तेव्हापासून मी फोनमध्ये तिथलीच वेळ ठेवलीय," भाभी म्हणाल्या. "चुकून ड्युटीत फोन लागला की साहेब त्याला बोलतो. मला काय ठाऊक, कॅमेरा माझ्या फोनचं ऐकतो ते?"

संध्याकाळी भाई मला ओढूनच घरी घेऊन गेले. एकट्याला बोलायचं धाडस नव्हतं. त्यांनी कॅमेरा शाजियापुढे ठेवला. "गलती माझी झाली, बेटा. उद्यापासून ये."

शाजियाने कॅमेऱ्याला हात लावला नाही. "हायवेजवळच्या स्टुडिओत विनिताची जागा रिकामी होती. मी सोमवारपासून जाते."

"हा तुझा कॅमेरा आहे."

"तिथे त्यांचा मिळतो, अब्बा," ती शांतपणे म्हणाली. "आणि विनिता सांगत होती, काही चुकलं तर तिथे आधी विचारतात."