कातळावरची सोबत

आमच्या कॉलेजच्या टोळक्यातला एक मित्र फैजपूरचा. केळीचा व्यापार करतो, प्रत्येक वाक्याआधी ‘हां’ म्हणतो आणि डाळीला अजूनही ‘डाय’च म्हणतो. केस पिकले तरी दर हिवाळ्यात आम्ही सातपुड्यातल्या एका तिरक्या, गुळगुळीत कातळावर चढायला जातो. तिथे हाताने धरायला काही नसतं. सगळा भार तळपायांवर टाकून चढावं लागतं.

यंदा निम्म्यावर माझे पाय लटपटायला लागले. कमरेला दोर होता, तरी पुढे जाववेना की मागे. वर पोचलेले मित्र ओरडून सूचना देऊ लागले. हा फैजपूरवाला मात्र दुसऱ्या दोराला धरून बसत-सरकत खाली आला आणि माझ्या शेजारी टेकला.

“हां, तुले आठवते का आपल्या मेसची डाय? त्यात डाय शोधा लागे.”

मला हसू आलं. हसता हसता पायांची लटपट थांबली. तेवढ्यात त्याचे गुडघे थरथरताना दिसले.

“तुलाही भीती वाटते?”

“हां, वाटते ना. म्हनून तं तुह्यापाशी येऊन बसलो.”

वरचे हाका मारत राहिले. आम्ही दोघं खालच्या केळीच्या बागा बघत बराच वेळ तिथेच बसून राहिलो.