"आवाज येतोय का?" एवढंच विचारायला डोळखांबला

खिशात फोन असताना डोंगराकडे जायचं, झाडाला तार बांधायची आणि अनोळखी माणसाला विचारायचं, "माझा आवाज येतोय का?" याला हौशी रेडिओ म्हणतात. त्यासाठी परीक्षा असते, सरकार परवाना देतं. माझी भाची मुक्ता आणि तिचा कॉलेजातला मित्र निनाद यांनी तो मिळवलाय. माझ्याकडे गाडी आहे, म्हणून मीही या छंदात ओढला गेलो.

मुक्ता बोलताना अडखळते. परवाना येऊन कित्येक महिने झाले, तरी माइकचं बटण तिने एकदाही दाबलं नव्हतं. कल्याणच्या गच्चीवर रेडिओत इतका खरखराट, की काही ऐकूच येत नाही ही सबब आयतीच. निनाद म्हणाला, "शांत जागी जाऊ." मुक्ताचा चेहरा पडला.

रविवारी सकाळी निघालो. शहापूरपर्यंत हायवे झकास, फक्त ट्रकवाले तो बापाचा समजतात. शहापुरातच वडापाव खाऊन घ्या. पुढे हॉटेलची पाटी दिसते, हॉटेल दिसेलच असं नाही. डोळखांबच्या रस्त्याला लागलं की झाडी दाट होते, खड्डे आपुलकीने जवळ येतात आणि फोनची रेंज जाते. रेंज गेल्यावर निनादला झालेला आनंद बघून त्याच्या आईवडिलांची काळजी वाटली.

एका पाड्याजवळचा उंच माळ पसंत पडला. माळाचा मालक काशिनाथ खळ्यावर भात झोडत होता. त्याला विचारलं.

"बांधा की. पन तार कशाला? कापडं सुकवाया?"

"लांबच्या माणसांशी बोलायला," मी म्हणालो.

"मंग फोन नाय का?"

"आहे. पण इथे रेंज नाही."

"अरे देवा! आमी रेंज नाय म्हनून बोंबलतो, नि तुमी रेंज नाय म्हनून आलाव!"

यावर निनादकडे तांत्रिक उत्तर होतं. सुदैवाने काशिनाथ बांबू आणायला गेला.

तार चढली. रेडिओ खरंच शांत होता, माणसांचे आवाज स्पष्ट येत होते. आता सबब उरली नाही. मुक्ता माइक धरून बसली. शेवटी तिने बटण दाबलं.

"व्हिक्टर, युनिफॉर्म, थ्री, मा... मा... मा..."

या मंडळींना नावासारखा एक कॉलसाइन मिळतो. त्यातलं प्रत्येक अक्षर एकेका शब्दाने सांगायचं असतं. 'एम'साठी 'माइक'. मी सवयीप्रमाणे तो शब्द पुरवायला पुढे झालो. निनादने दंड धरला. "मामा, तुमच्याकडे परवाना नाही."

"...माइक," मुक्ताने पुढची अक्षरंही पूर्ण केली, 'ओव्हर', म्हणजे माझं संपलं, आता तुम्ही बोला, असं म्हणून बटण सोडलं.

बेळगावहून एका वयस्कर गृहस्थांचं उत्तर आलं. "तुमचा आवाज फाइव्ह नाइन!" म्हणजे खणखणीत. लगेच पुढे, "कॉलसाइन कळला नाही, परत सांगा." ही यांच्यातली सभ्यता. ऐकू येवो न येवो, आधी पैकीच्या पैकी गुण द्यायचे.

तिने परत सांगितलं. आवाज मधेच बुडत होता, म्हणून त्यांनी स्वतःचं नाव तीनदा सांगितलं, "सदानंद, सदानंद, सदानंद." तिचं विचारलं.

"मु... मु... मुक्ता."

"मुक्ता, मुक्ता, मुक्ता. बरोबर?"

त्यांना काहीच वेगळं वाटलं नव्हतं. तिथे सगळेच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतात आणि समोरचा थांबून ऐकतो. मुक्ता रडत हसत होती. माझेही डोळे भरले, ते मी धुळीवर ढकललं.

"काय बोलला तो?" काशिनाथने विचारलं.

"ऐ... ऐकू आलं म्हणाले."

"बास? येवढंच?" त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. "नाय, बरं झालं गो!"

परतताना मुरबाडमार्गे आलो. मिसळ झणझणीत आहे, पाणी बरोबर ठेवा. तुम्हाला जायचं असेल तर भातकापणीनंतर जा, माळाच्या मालकाला विचारा आणि लांब दोरी न्या. निनादसारखा माणूस मात्र गाडीत एकच घ्या.

घरी ताईने विचारलं, "कशी झाली ट्रिप?" मुक्ता स्वतःच सांगायला लागली. 'बेळगाव'वर अडकली. ताईने मायेने शब्द पुरवला, "बेळगाव?" मुक्ताने हात वर केला.

"आई, थांब. मी अजून ओ... ओव्हर म्हटलं नाही."

ताई थांबली. मीही. चहा पार निवेपर्यंत मुक्ता बोलत होती.