डोंगरापलीकडचा लोंगोले

माझे बाबा, लोपेयोक, यांनी उमेदीच्या वयात डोंगरापलीकडच्या डोडोथ लोकांची गुरं पळवली होती. डोंगराखालच्या आमच्या तुर्काना वस्तीत असल्या गोष्टी कुणी लपवत नाही. पण त्याच डोडोथांमध्ये त्यांचा जिवाभावाचा मित्रही होता. त्याचं नाव लोंगोले.

ओळख झाली ती दुष्काळात. खाली सगळं वाळून गेलं तेव्हा बाबा तहानेली गुरं घेऊन सरहद्दीचा घाट चढले. वर नदीच्या वाळूत डोडोथांनी झिरे खणले होते. भाले रोखून माणसं उभी राहिली. त्यांतला लोंगोले म्हणाला, "आधी पाजून घे रे गुरांना. मग भांडू निवांत." गुरं प्यायली, आणि भांडण राहूनच गेलं. निघताना त्यानं बाबांना एक करडा गोऱ्हा दिला. आमच्यात पुरुषाला त्याच्या लाडक्या बैलावरून नाव पडतं. बाबांना पडलं अपालोंगोर, म्हणजे करड्याचा बाप.

त्यानंतर दर उन्हाळ्यात आमची गुरं वर जायची. पाऊस झाला की त्यांची गुरं आमच्या कुरणात उतरायची. धाडी थांबल्या नव्हत्या. पण कुणाची गुरं गेली की हे दोघं घाट चढत-उतरत, आपापल्या पोरांना शिव्या घालत, जमतील तेवढी परत मिळवून द्यायचे.

मग एका वर्षी झिऱ्यांवर गोळीबार झाला. त्यात माझा थोरला भाऊ गेला.

त्यानंतर शांततेचं काम करणारी एक संस्था आली. दोन्हीकडच्या लोकांची बैठक झाली. काय हवं, असं विचारल्यावर बाबा उभे राहिले. "भांडण पाण्यापायी होतं. आम्हाला खालीच पाणी द्या. आमची पोरं वर जाणार नाहीत आणि मरणारही नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लोंगोलेही वाजवत होता.

बोअर झाली. सूर्यावर चालणारा पंप बसला. धाडी खरंच बंद पडल्या. संस्थेची माणसं दरवर्षी येऊन विचारायची, गुरं गेली का, कुणी मेलं का, भीती वाटते का. आम्ही नाही म्हणायचो, आणि ते खरंच होतं. मधे मोठा दुष्काळ पडला तेव्हाही पंप आटला नाही. "बघा, मी मागितलेलं पाणी," असं बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे.

पुढच्या पाहणीला अमोनी नावाची मुलगी आली. लोडवारकडची, आमच्यातलीच. नेहमीचे प्रश्न संपल्यावर तिनं माझ्या पुतण्यांना विचारलं, "पलीकडच्या कुणाचं नाव सांगता येईल?"

"नाव?" थोरला हसला. "डोडोथ. हेच नाव."

"चोर!" दुसरा म्हणाला. सगळे खिदळले.

बाबा भडकले. "गप्प बसा, मूर्खांनो! माझा लोंगोले आहे तिथं." आणि त्यांनी तिला झिऱ्यांची, करड्या गोऱ्ह्याची सगळी गोष्ट रंगवून सांगितली. अमोनीचा चेहरा उतरत गेला.

"बाबा, मी आत्ता वरूनच आले," ती हळूच म्हणाली. "नाचापआजींकडे बसले होते. त्यांचे यजमान, लोंगोले, वारले. त्या मोठ्या दुष्काळातच. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

"दुसरा असेल कुणी," बाबा म्हणाले.

"आजींनी तुमचंच नाव घेतलं. अपालोंगोर."

बाबांनी तोंडातली तंबाखू थुंकली आणि उठून गुरांकडे गेले.

सकाळी एक बैल पुढे घालून बाबा आणि मी, त्यांची लेक, असे दोघं निघालो. घाटाची वाट काटेरी झुडपांनी बुजून गेली होती. बाबा दोनदा चुकले. वर पोहोचलो तर बंदूकवाल्या पोरांनी अडवलं. लोंगोलेचं नाव सांगितल्यावर त्यांनी त्याच्या मुलाला, अचियाला, बोलावून आणलं. बाबांनी त्याला लहानपणी खांद्यावर बसवलेलं. त्यानं बाबांकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं.

नाचापनं मात्र लगेच ओळखलं. "अपालोंगोर! पाणी मिळालं आणि पाय मोडले होय रे?"

बाबा खाली मान घालून बसले. तिनं दुधाचं भांडं पुढे केलं, मग स्वतःच बोलू लागली. "आजारी होते तरी रोज कड्याशी नेऊन बसवायला लावायचे. म्हणायचे, दुष्काळ आहे, तो येईलच, त्याची गुरं तहानली असतील. मी म्हणायचे, अहो, खाली पंप आलाय, आता कशाला येतोय तो? तर माझ्यावरच चिडायचे."

"निरोप का नाही धाडलास?"

"कुणाबरोबर धाडू? वाटेनं माणूस जात होतं का?"

बाबांनी बैल दिला. अचियानं तो नीट, दोन्ही हातांनी दावं धरून घेतला. आम्हाला पोचवायला घाटापर्यंत आला आणि म्हणाला, "बाबा, पुन्हा याल तेव्हा आधी कळवा. आमची पोरं तुम्हाला ओळखत नाहीत. चुकून गोळी सुटायची." त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. त्याला काळजीच वाटत होती.

उतरताना बाबा एका दगडावर बसले. "बोअर मागितली ते चुकलं का गं?"

"दादा गेल्यावर कुणीही मागितली असती."

"मागायचीच होती," ते म्हणाले. "पण एखाद्या वेळी असंच जायला हवं होतं. पाण्यासाठी नाही. त्याला भेटायला."

अमोनीनं वस्तीतलं हे सगळं संस्थेला कळवलं. संस्थेनं घाटाच्या मध्यावर दोन्हीकडच्यांचा मिळून गुरांचा बाजार सुरू केला. बाबा काठी टेकत पहिल्या बाजाराला गेले. अचिया आला होता. दोघं सावलीत शेजारी बसले, पावसाबद्दल बोलले, गुरांच्या रोगाबद्दल बोलले. मग विषय संपले. बाजार लवकर आटोपला. तुर्काना एका बाजूनं उतरले, डोडोथ दुसऱ्या बाजूनं चढले.

तरी घरी येताना माझ्या पुतण्यानं विचारलं, "आजोबा, तो अचिया माणूस कसा आहे?"

"लोंगोलेचा मुलगा आहे," बाबा एवढंच म्हणाले. त्याहून जास्त त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ते गेले.