चपलांजवळची जागा

माझ्या आईला ईस्टरच्या सकाळी भरल्या प्रार्थनेतून उठवलं. मी नववीत होते. गाणं चालू असताना तिला दम लागला. तिनं पदराआड दम्याचा पंप ओढला. आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, म्हणवणारे काका व्यासपीठावरून ओरडले, "प्रभूवर भागत न्हाय व्हय तुझं? जा, चपलांजवळ बस!"

आई गेली. मी बघत बसले.

आमचा पंथ छोटा. शिवाजी पेठेत एक हॉल, एवढंच. संस्थापक अण्णांची शिकवण अशी की औषध घेणारा अविश्वासी. त्यानं उंबऱ्याबाहेर बसायचं. साक्ष द्यायची नाही. म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं, ते उभं राहून सांगायचं नाही. दुसऱ्यांच्या उंबऱ्याबाहेर बसायचं नाही म्हणून माझ्या पणजोबांनी येशू धरला. आणि आम्ही काय केलं? नवा उंबरा घातला.

अण्णा वारले. पंथ चालवणाऱ्या नव्या लोकांनी त्यांची पुस्तकं बायबलशी ताडून बघितली. गेल्या रविवारी मोठ्या चर्चचे पाळक पाहुणे म्हणून आले आणि जाहीर झालं: औषधाची शिकवण शास्त्राला धरून नव्हती, आता आपण सगळ्या ख्रिस्ती लोकांसारखे, मोठ्या चर्चमध्ये सामील होणार. टाळ्या. काकांनी सगळ्यांसमोर बीपीची गोळी तोंडात टाकली. हशा. मग म्हणाले, "झालं गेलं विसरा."

आई कुठं होती? चपलांजवळ. कुणी बसवलं नव्हतं. सवय.

"आई, आत चल."

"हितं वारं लागतंय गं."

माझं डोकं सणकलं. मी तिथूनच ओरडले, "आईची साक्ष ऱ्हायलीया!"

काका हसले. "पोरी, पावणं आल्यात. घरातलं घरात बोलू की."

"तिला उठवलं तवा घरात उठवलासा व्हय, काका?"

माईक बंद. पंगत सुरू.

घरी जाताना आईला म्हटलं, "बोलशील?"

ती म्हणाली, "इचारलं तर बोलीन की."

विचारलं तर. तेवढंच कुणी केलेलं नाही. शिकवण चुकली म्हणता? शिकवण कुणाला भर सभेतून उठवत नाही. माणूस उठवतो. मोठ्या चर्चमध्ये जायचं तर जा. आईला चपलांत ठेवून नाही. तोवर मीही आत पाऊल टाकणार नाही.

मंडळीतल्या माझ्या लोकांनो, येत्या रविवारी तुम्हीही टाकू नका. चपला काढा आणि तिथंच बसा, आईच्या शेजारी. काका व्यासपीठावरून उतरून उंबऱ्यापर्यंत येऊ देत. तिचं नाव घेऊन "साक्ष द्या" म्हणू देत. तोवर उठू नका.